सिग्नलवर गाडी बंद पडते? आयडलचे कोड वाचा, पार्ट बदलायची घाई करू नका

ज्यांना एपिसोड ऐकायला जमलं नाही, किंवा ऐकला पण कोडचे नंबर लिहून घ्यायचे राहिले, त्यांच्यासाठी हा लिहिलेला एपिसोड. बोलण्यातलं ‘म्हणजे’ आणि ‘काय होतं ना’ थोडं कमी केलंय, बाकी बरंचसं तसंच ठेवलंय. गाडीचं बॉनेट उघडून, फोन हातात धरून वाचलं तरी चालेल.

आजचा विषय : इंजिन आयडलला नीट का चालत नाही, त्यावर गाडी जे कोड देते त्यांचा अर्थ काय, आणि ते कोड बघून नेमकं काय तपासायचं. पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांबद्दलच बोलणार आहे. डिझेलचं आयडल डिझेलच्या मात्रेवर सांभाळलं जातं, ते गणित वेगळं.

आधी कात्रजच्या उतारावरची गोष्ट

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. माझी सेकंड हँड पेट्रोल हॅचबॅक, ७२ हजार किलोमीटर झालेली. साताऱ्यात मामाकडे गेले होते, तिथे बॅटरी बसली. शनिवारी नवी बॅटरी टाकली. रविवारी आईला घेऊन पुण्याला निघाले. साताऱ्यातल्याच एका सिग्नलवर गाडी जरा अडखळली, मला वाटलं माझाच क्लच चुकला.

संध्याकाळी जुन्या कात्रज घाटाने आले. बोगदा संपला, उतार सुरू झाला, पुढे एक ट्रक अगदी हळू चालला होता. मी ब्रेक मारला, गाडी हळू झाली म्हणून क्लच दाबला आणि इंजिन गप्प. डॅशबोर्डवर सगळे दिवे लागले. स्टिअरिंग एकदम जड झालं. ब्रेक एकदा लागला, दुसऱ्यांदा दाबला तेव्हा पायाखाली दगड असल्यासारखा वाटला. जोर लावून गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला. आई काहीच बोलली नाही, फक्त वरचं हँडल घट्ट धरून बसली होती. तिचं ते न बोलणं मला अजून आठवतं.

सोमवारी गाडी एका गॅरेजमध्ये नेली. त्यांनी स्कॅनर लावला, कोड आला पी०५०६. पाच मिनिटांत निकाल : “ताई, थ्रॉटल बॉडी गेली. नवीन टाकावी लागेल. साडेचौदा हजार.”

मी म्हटलं, विचार करून सांगते. आणि घराजवळच्या जुन्या मिस्त्रीकाकांकडे गेले. काकांनी बॉनेट उघडायच्या आधी एकच प्रश्न विचारला : “पोरी, बॅटरी कधी बदललीस?”

हा प्रश्न त्यांनी का विचारला, ते आज पूर्ण समजून घेऊ. त्यासाठी आधी आयडल म्हणजे काय ते बघावं लागेल.

आयडल म्हणजे हवेचा हिशोब

पेट्रोल इंजिनात आपण रेस देतो तेव्हा खरं तर पेट्रोल नाही, हवा वाढवतो. पेडल दाबलं की थ्रॉटल बॉडीतली गोल पाकळी उघडते, हवा आत जाते, आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर, त्या हवेच्या मापाने पेट्रोल सोडतो. साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल, वजनाने.

पाय काढला की पाकळी बंद होते. पण इंजिन चालू राहायला थोडी हवा लागतेच. ही थोडी हवा किती असावी, हे ठरवायचं काम म्हणजे आयडल कंट्रोल. ते दोन प्रकारे होतं.

जुन्या गाड्यांत रेसची केबल थेट पाकळीला जोडलेली असते. पाकळी बंद झाली तरी तिच्या बाजूने एक छोटा रस्ता असतो, आणि त्या रस्त्यावर एक व्हॉल्व्ह. त्याला आयएसी किंवा आयएससी व्हॉल्व्ह म्हणतात. आत छोटी मोटर असते, ती खिळ्यासारखा दांडा पुढे-मागे करून हवा कमी-जास्त करते.

नवीन गाड्यांत केबलच नाही. पेडलवर सेन्सर असतो आणि पाकळी मोटरने फिरते. इथे वेगळा आयडल व्हॉल्व्ह नसतो. ईसीयू पाकळीच किंचित उघडी ठेवतो आणि तेवढ्या फटीतून आयडल सांभाळतो. ती फट इतकी बारीक असते की कडेला काळा चिकट थर जमला तरी हिशोब बिघडतो.

गरम झालेलं छोटं पेट्रोल इंजिन साधारण ६५० ते ८५० आरपीएमवर आयडल करतं. तुमच्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. सकाळी थंड इंजिन १२०० ते १५०० वर सुरू होतं आणि गरम होईल तसं खाली येतं, ते बिघाडाचं लक्षण नाही. एसी लावला की कॉम्प्रेसरचा भार येतो, म्हणून ईसीयू आयडल थोडं वाढवतो. तेही बरोबरच.

कोड काय म्हणतो, आणि काय म्हणत नाही

कोडमधला ‘पी’ म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सची बाजू. त्यापुढचं शून्य म्हणजे हा कोड सगळ्या कंपन्यांना सारखा. तिथे १ असेल तर बहुतेक वेळा तो त्या कंपनीचा स्वतःचा कोड असतो. त्यानंतरचा ५ म्हणजे गाडीचा वेग आणि आयडल यांचं खातं. आज आपल्या कामाचे कोड हे :

पी०५०५ : आयडल कंट्रोलमध्ये कुठेतरी गडबड. सगळ्यात मोघम कोड.

पी०५०६ : आयडल हवं त्यापेक्षा कमी.

पी०५०७ : आयडल हवं त्यापेक्षा जास्त.

पी०५०८ : आयडल व्हॉल्व्हच्या सर्किटमध्ये व्होल्टेज कमी.

पी०५०९ : त्याच सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त.

पी०५११ : आयडल व्हॉल्व्हच्या सर्किटमध्ये बिघाड.

ईसीयूकडे प्रत्येक क्षणी आयडलचा एक ठरलेला आकडा असतो. प्रत्यक्ष आरपीएम त्याच्या खूप खाली किंवा वर काही वेळ राहिलं, आणि सगळे प्रयत्न करूनही ते जागेवर आणता आलं नाही, की तो कोड टाकतो. किती फरक चालवून घ्यायचा ते कंपनीवर आहे. बऱ्याच गाड्यांत खाली १०० आणि वर २०० आरपीएमच्या आसपास मर्यादा असते.

आता हे नीट लक्षात घ्या. पी०५०६ एवढंच सांगतो की आरपीएम कमी आहे आणि मला ते वाढवता येत नाहीये. थ्रॉटल बॉडी मेली, असं तो म्हणत नाही. तापाचा आकडा बघून डॉक्टर थेट ऑपरेशन सांगत नाहीत ना, तसंच आहे हे. आकडा खरा आहे, कारण शोधायचं बाकी आहे.

म्हणून या सहा कोडचे तीन गट करा. आरपीएम कमी असेल तर हवा कमी जातेय किंवा इंजिन कमजोर पडतंय. आरपीएम जास्त असेल तर हवा कुठून तरी जादा येतेय. आणि ०८, ०९, ११ असेल तर आधी वायरिंग आणि कनेक्टर. हे तीन गट पाठ झाले की अर्धी तपासणी झाली.

स्कॅनर लावताना पहिली चूक

बाजारात काहीशे रुपयांत ब्लूटूथवाले ओबीडी डोंगल मिळतात. स्टिअरिंगच्या खाली डॅशबोर्डमध्ये १६ पिनचं सॉकेट असतं, तिथे लावायचं, फोनवर ॲप घ्यायचं, झालं. भारतात नव्या कारसाठी ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून आलं, त्यामुळे त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांत सहसा अडचण येत नाही.

पहिली चूक इथेच होते. कोड दिसला की लोक लगेच ‘क्लिअर’ दाबतात. दिवा जातो, बरं वाटतं. पण कोडसोबत ईसीयूने एक फोटो काढून ठेवलेला असतो, त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. कोड पडला तेव्हा इंजिन किती गरम होतं, गाडीचा वेग किती होता, आरपीएम किती होतं, हे सगळं त्यात असतं. क्लिअर केलं की तो पुरावा गेला. म्हणून आधी सगळ्या कोडचा आणि फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट घ्या. मग पुढचं.

दुसरी गोष्ट, सोबत अजून कोणते कोड आहेत ते बघा. पी०३०० ते पी०३०४ पैकी काही असेल तर इंजिन मिसिंग मारतंय. प्लग, कॉइल किंवा इंजेक्टर आधी बघा, आयडल नंतर. चारातला एक सिलिंडर काम करत नसेल तर आयडल खाली जाणारच. पी०१७१ असेल तर मिश्रणात हवा जास्त आहे, म्हणजे कुठेतरी लीक असू शकतं. कूलंट सेन्सरचा कोड असेल तर ईसीयूला गरम इंजिन थंड वाटत असेल आणि तो उगाच आयडल वाढवत असेल. अशा वेळी सोबतचा कोड आधी सोडवा, आयडलचा कोड अनेकदा त्याच्याबरोबरच जातो.

लाइव्ह डेटा : पाच आकडे

इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, रेडिएटरचा फॅन एकदा फिरून बंद होईपर्यंत. एसी, लाइट, पंखा सगळं बंद. मग ॲपमध्ये हे पाच आकडे लावा.

१. आरपीएम. स्थिर आहे की वरखाली नाचतंय?

२. कूलंटचं तापमान. गरम इंजिनाला ८० ते १०० अंशांच्या मध्ये असायला हवं. सेन्सर खरं बोलतो का हे बघायची सोपी युक्ती : रात्रभर उभ्या गाडीत सकाळी फक्त किल्ली फिरवा, इंजिन सुरू करू नका. कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं दिसलं पाहिजे. एक २६ आणि दुसरं उणे ३० दाखवत असेल तर चोर सापडला.

३. मॅप, म्हणजे इंटेक मॅनिफोल्डमधला दाब. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्या याच सेन्सरवर चालतात. गरम इंजिन आयडलला असताना साधारण ३० ते ४० किलोपास्कल. हा आकडा बराच वर असेल तर हवेची गळती असू शकते, किंवा इंजिनावर भार असेल, किंवा टायमिंगमध्ये गडबड.

४ आणि ५. फ्यूएल ट्रिम, शॉर्ट आणि लाँग. ईसीयू पेट्रोल ठरलेल्यापेक्षा किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय ते इथे कळतं. शून्याच्या आसपास पाच टक्के इकडेतिकडे असेल तर छान. दहाच्या पुढे गेलं तर शंका घ्या.

आता एक चाचणी. आयडलला ट्रिम बघा, मग रेस देऊन २५०० आरपीएमवर धरा आणि पुन्हा बघा. आयडलला दोन्ही मिळून अधिक २० आणि २५०० ला अधिक ४ असेल, तर ती बहुधा हवेची गळती. गळतीचं भोक तेवढंच असतं. आयडलला इंजिन थोडीच हवा घेतं, त्यात चोरीची हवा मोठी वाटते. रेस दिली की ती किरकोळ ठरते. उलट २५०० ला ट्रिम वाढत असेल तर पेट्रोलच्या पुरवठ्याकडे बघा.

एक बारकावा. ज्या गाडीत हवा मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर आहे, तिथे गळती ट्रिममध्ये लगेच दिसते, कारण ती हवा सेन्सरला चुकवून आत येते. मॅपवर चालणाऱ्या गाडीत तसं होईलच असं नाही. तिथे जादा हवेने मॅनिफोल्डमधला दाब वाढतो, ईसीयू त्याप्रमाणे पेट्रोलही वाढवतो, आणि आयडल वर चढतं. ट्रिम मात्र बऱ्यापैकी नॉर्मल. म्हणून ट्रिम चांगली आहे म्हणून गळती नाही, असं मॅपवाल्या गाडीत समजू नका.

माझ्या गाडीत काकांनी काय वाचलं? आयडल ५८० च्या आसपास, हवं होतं ७००. कूलंट ८९. मॅप ३४. ट्रिम अधिक ३. म्हणजे गळती दिसत नाही, पेट्रोलही ठीक. मिसिंग नाही. इंजिन धडधाकट आहे, त्याला फक्त हवा कमी मिळतेय.

आरपीएम जास्त असेल तर : हवेची चोरी शोधा

पी०५०७ असेल तर रबराचे पाइप बघा. ब्रेक बूस्टरला जाणारा जाड पाइप, वरच्या कव्हरवरून येणारा पीसीव्हीचा पाइप, पर्ज व्हॉल्व्हचा बारीक पाइप, आणि मॅनिफोल्डचं गॅस्केट. ऑइलचं झाकण नीट बसलंय का, डिपस्टिक पूर्ण आत आहे का, हेही बघा. काही गाड्यांत तेवढ्यानेही फरक पडतो.

पावसाळ्यात एक खास गुन्हेगार असतो : उंदीर. बाहेर ओलं, बॉनेटखाली ऊबदार. सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार दिवस गाडी उभी राहिली की वायर नाहीतर पाइप कुरतडलेला सापडतो. एअर फिल्टरच्या डब्यात घरटं मिळालेलं मी स्वतः पाहिलंय.

गळती शोधायला काही लोक चालू इंजिनावर पेटणारा स्प्रे मारतात. घरी हे करू नका, गरम एक्झॉस्टवर पडला तर आग लागते. त्याऐवजी एक हातभर नळी घ्या, एक टोक कानाला, दुसरं पाइपांच्या सांध्यांजवळ फिरवा. ‘स्सस्’ असा आवाज जिथे मोठा येईल तिथे गळती. हात, ओढणी, बाही फॅन आणि बेल्टपासून लांब ठेवा. दुसरा उपाय, रबरी पाइप एकेक करून चिमटून बघा. एखादा चिमटल्यावर आयडल एकदम खाली आलं, तर चोर त्या पाइपाच्या पुढच्या टोकाला आहे. तरीही सापडलं नाही तर गॅरेजमध्ये स्मोक टेस्ट करून घ्या. धूर सोडतात, तो जिथून बाहेर येतो तिथे भोक.

ब्रेक बूस्टरची चाचणी घरीच होते. इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, पेडल घट्ट होईल. मग पाय दाबून ठेवूनच इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं नाही, किंवा पेडलजवळ फुसफुस ऐकू आली, तर आयडल राहू द्या बाजूला, हा ब्रेकचा प्रश्न आहे. गाडी बाहेर काढू नका.

कोड सर्किटचा असेल तर

पी०५०८, पी०५०९, पी०५११ मध्ये घाण साफ करून फारसा उपयोग नाही. आयडल व्हॉल्व्हचा कनेक्टर काढा. पिनांवर हिरवट गंज आहे का, पाणी शिरलंय का, वायर ताणली किंवा कुरतडली गेलीय का, फ्यूज ठीक आहे का, एवढं बघा. मल्टिमीटर असेल तर व्हॉल्व्ह काढून त्याच्या कॉइलचा रेझिस्टन्स मोजा. आकडा गाडीप्रमाणे वेगळा असतो, पण एकाच व्हॉल्व्हच्या दोन कॉइल जवळपास सारख्या यायला हव्यात. एक ठीक आणि दुसरी पूर्ण तुटलेली दाखवत असेल, तर हो, व्हॉल्व्ह बदला. इथे पार्ट बदलायला पुरावा आहे.

आता बॅटरीचं कोडं

काकांचा प्रश्न आठवतोय? थ्रॉटलमध्ये काळा थर एका दिवसात जमत नाही. तो वर्षानुवर्षं हळूहळू जमतो आणि फट बारीक होत जाते. ईसीयू शहाणा असतो. हवा कमी पडतेय हे बघून तो पाकळी जराशी जास्त उघडायला शिकतो, आणि ते शिकलेलं लक्षात ठेवतो. त्यामुळे आपल्याला काहीच जाणवत नाही.

बॅटरी काढली की अनेक गाड्यांत ही आठवण पुसली जाते. नवीन बॅटरी लावल्यावर ईसीयू कारखान्यातल्या आकड्यावर परत जातो, जो स्वच्छ थ्रॉटलसाठी असतो. पण आपला थ्रॉटल तर ७२ हजार किलोमीटरचा, काजळीने भरलेला. फट कमी, हवा कमी, आरपीएम कमी. क्लच दाबला की इंजिन बंद.

म्हणजे बिघाड शनिवारी झाला नव्हता. शनिवारी फक्त त्याच्यावरचं पांघरूण निघालं.

काकांनी किल्ली काढली, एअर फिल्टरचा पाइप बाजूला केला, टॉर्च मारला. पाकळीच्या कडेला तव्याच्या बुडासारखा काळा थर. “ही बघ तुझी साडेचौदा हजारांची थ्रॉटल बॉडी,” म्हणाले आणि थ्रॉटल क्लीनरचा डबा घेतला.

स्वतः करणार असाल तर हे पाळा. इंजिन थंड, किल्ली बाहेर. स्प्रे थेट आत ओतू नका, कापडावर किंवा मऊ ब्रशवर मारून पुसा, म्हणजे तो मोटर आणि सेन्सरमध्ये शिरत नाही. काही पाकळ्यांवर कारखान्यातून एक पातळ लेप दिलेला असतो, म्हणून खरवडू नका. आणि मोटरवाल्या पाकळीत किल्ली चालू असताना बोट कधीही घालू नका. ती अचानक फिरते आणि बोट चेचतं. पाकळी हाताने जोरात उघडणंही टाळा, आतले गिअर प्लॅस्टिकचे असतात. जमत नसेल तर थ्रॉटल बॉडी काढून साफ करणाऱ्या मिस्त्रीकडे द्या.

साफ केल्यावर गाडी जास्त बिघडली तर?

घाबरू नका, असं होतं. ईसीयू जर अजून घाणीच्या सवयीने पाकळी जास्त उघडत असेल आणि आता घाणच नसेल, तर हवा जास्त जाते. आयडल १२०० ला चढतं आणि पी०५०७ सुद्धा येऊ शकतो. म्हणूनच साफसफाईनंतर आयडल रीलर्न करावं लागतं.

पद्धत गाडीप्रमाणे बदलते. काही गाड्यांत स्कॅनरमधून कमांड द्यावी लागते, काहींत किल्लीचा ठरावीक क्रम असतो. बऱ्याच गाड्या आपोआप शिकतात : इंजिन पूर्ण गरम करायचं, सगळा भार बंद ठेवून दहा मिनिटं आयडलला सोडायचं, मग एसी लावून पाच मिनिटं, आणि मग थांबत-थांबत थोडं फिरवून आणायचं. तुमच्या मॉडेलची पद्धत मॅन्युअलमध्ये बघा. माझी गाडी पंधरा-वीस मिनिटांत ७०० वर स्थिर झाली.

बिल : क्लीनर ३५०, मजुरी ३००. एकूण ६५० रुपये.

मग थ्रॉटल बॉडी कधीच बदलायची नाही का?

बदलायची, पण तिच्याविरुद्ध पुरावा असेल तेव्हा. पी२१३५ सारखा कोड, ज्यात पाकळीचे दोन सेन्सर एकमेकांशी जुळत नाहीत. किंवा पी२१११, पी२११२, ज्यांत पाकळी उघडी वा बंद अवस्थेत अडकलेली असते. किंवा रेस दाबूनही गाडी पळत नाही, अशक्त होऊन हळूहळू चालते. वायरिंग आणि कनेक्टर तपासून, साफ करून, रीलर्न करूनही हे परत येत असेल, तर खर्च करावाच लागतो. आणि गॅरेजवाला हे सगळं करून मगच पार्ट सांगत असेल, तर त्याच्यावर उगाच संशय घेऊ नका. त्याला शांतपणे दोन प्रश्न विचारा : “लाइव्ह डेटा काय दाखवतोय?” आणि “साफ करून बघितलं का?” उत्तरावरून कळतंच.

तुमचे प्रश्न

*गाडी आयडलला थरथरते, पण कोड नाही.* आरपीएमचा आकडा बघा. तो स्थिर असेल आणि तरी केबिन हादरत असेल, तर इंजिन माउंटिंग बसलेलं असू शकतं. ते रबर आहे, त्याचा कोड पडत नाही.

*सीएनजीवर बंद पडते, काय करू?* तुमच्याकडे फुकटची चाचणी आहे. पेट्रोलवर टाकून बघा. पेट्रोलवर ठणठणीत असेल तर सीएनजीचा रेग्युलेटर, इंजेक्टर किंवा सेटिंग. दोन्हींवर तेच होत असेल तर हवा, प्लग, कॉइल अशा दोघांच्या सामायिक गोष्टी. सीएनजीला ठिणगी जोरकस लागते, त्यामुळे थकलेला प्लग आधी सीएनजीवरच उघडा पडतो.

*एसी लावला की आयडल पडतं.* एसीच्या भाराला ईसीयू हवा वाढवून उत्तर देतो. फट घाणेरडी असेल तर ते उत्तर कमी पडतं. बहुतेक वेळा हे पी०५०६ येण्याआधीचं लक्षण असतं. कोडची वाट बघू नका, साफ करून घ्या.

*चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं तर?* हे सगळ्यात महत्त्वाचं. बूस्टरमध्ये एक-दोन वेळा ब्रेक लागेल एवढाच जोर शिल्लक असतो. म्हणून ब्रेक पंप करू नका, एकदाच घट्ट दाबून धरा. स्टिअरिंग जड होईल, पण वळेल, दोन्ही हातांनी जोर लावा. किल्ली पूर्ण काढू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. कडेला घ्या, हँडब्रेक, हजार्ड लाइट, मग परत सुरू करा. आणि उतारावर पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडायची सवय असेल, तर आजच सोडा. गिअरमध्ये असताना चाकं इंजिनाला फिरवत ठेवतात. न्यूट्रलमध्ये सगळी भिस्त आयडलवर, आणि ते कधी दगा देईल ते माझ्यासारखं उतारावरच कळतं.

सेव्ह करून ठेवा

कोडचा आणि फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट, मगच क्लिअर. सोबतचे कोड आधी. आरपीएम कमी, जास्त की सर्किट, हे ठरवा. गरम इंजिनावर पाच आकडे. पाइप आणि गळती. थ्रॉटलची सफाई. रीलर्न. एवढं करूनही कोड आला, तरच पार्ट.

आणि बॅटरी बदलायला जाल तेव्हा, गाडी बरीच चाललेली असेल तर थ्रॉटलही त्याच दिवशी साफ करून घ्या. मी हे तेव्हा केलं असतं तर आईला कात्रजचा तो उतार तसा आठवला नसता. परवा तिला परत साताऱ्याला घेऊन गेले. पहिल्या सिग्नलवर थांबलो तेव्हा तिने माझ्याआधी आरपीएमच्या काट्याकडे पाहिलं. “सातशे,” म्हणाली, आणि हँडलवरचा हात काढला.

तुमच्या गाडीने कोणता कोड दिलाय आणि पाच आकडे काय दाखवतायत, ते व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये त्यातले काही सोबत सोडवू. भेटूया!